बेगमी

गेल्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी रात्री आमच्या सोसायटीचा पंप जळाला. दुरुस्तीवाला सोमवारी येणार असं कळलं. टँकर मागवला, तर तो खालची टाकी भरून गेला. सातव्या मजल्यावर पाणी चढवायला पंपच लागतो हे टँकर निघून गेल्यावर आमच्या लक्षात आलं. शनिवारी सकाळी मी घरातलं पाणी मोजलं. फिल्टरमध्ये पाच-सहा लिटर, फ्रीजमध्ये तीन बाटल्या, न्हाणीघरात अर्धी बादली. माणसं चार. दिवसभर सर्व्हरचे बॅकअप, बॅकअपचे बॅकअप असल्या गप्पा मारून पगार घेणाऱ्या माणसाच्या घरची ही अवस्था!

शिराळ्याला मामीला फोन केला तो वेगळ्याच कामासाठी, पण बोलता बोलता हे निघालं. मामी दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "आरं, मग हंडं-कळश्या न्हाईत व्हय घरात?"

नव्हत्या. आजीने आईला दिलेला तांब्याचा हंडा होता, पण त्यात आम्ही मनीप्लांट लावला होता.

तर मंडळी, तिथून हा लेख सुरू होतो. त्यानंतरचे बरेच विकांत मी "घरात किती साठवावं" या एकाच प्रश्नाच्या मागे घालवले. शोधायला गेलो ड्रमच्या किमती आणि सापडलं भलतंच.

आधी शिराळा कुठे आहे ते सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या बहुतेकांना ते फक्त नागपंचमीमुळे माहीत असतं. बत्तीस शिराळा, सांगली जिल्ह्याचं वायव्य टोक. (1949 पर्यंत हा भाग सातारा जिल्ह्यातच, मग दक्षिण सातारा झाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं.) समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. तालुक्याच्या पश्चिमेला चांदोलीचं जंगल आणि वारणेवरचं धरण, तिथे पाऊस कोकणासारखा कोसळतो. याच जिल्ह्याच्या पूर्वेला आटपाडी आणि जत, जिथे पावसाची वाट बघण्यात जन्म जातो. एकाच जिल्ह्यात बुडणारे आणि तहानलेले, दोन्ही. साठवणुकीचा इतिहास बघायला याहून चांगली जागा मिळणं अवघड आहे.

आजीच्या घरात मी लहानपणी पाहिलेली व्यवस्था आठवते तशी सांगतो. वैशाख संपेपर्यंत चटणी डंकावरून कांडून आलेली असायची. शेवया, कुरडया, सांडगे पत्र्याच्या डब्यांत. जळण आणि शेणी पावसाच्या आत रचून शेणींचा हुडवा शाकारलेला. भात आणि शाळू कणगीत. चुलीजवळच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. आणि न्हाणीपाशी दगडी रांजण, जो कधीही रिकामा दिसता कामा नये. नळ आला तरी आजी सकाळी उठून आधी रांजण बघायची, मग देव. आम्ही हसायचो. "आजी, नळ हाय की आता!" यावर तिचं उत्तर ठरलेलं: "नळ हाय, पन नळात पानी हाय का ते नळाला इचार."

थोडं विषयांतर, पण माझ्या धंद्यातलं आहे म्हणून सांगतोच. उतरंड म्हणजे शुद्ध स्टॅक. वरचं मडकं आधी निघणार, त्यामुळे रोजचं लागणारं वर आणि अडीअडचणीचं तळाला. कणगी मात्र क्यू. धान्य वरून भरायचं आणि बुडाशी एक भोक असतं, त्याला चिंधीचा बोळा. बोळा काढला की जुनं धान्य आधी बाहेर. म्हणजे आधी आलेलं आधी खायचं, हा नियम कुणी पाळायची गरजच नाही. भांड्याच्या आकारातच तो घातलेला. आमच्या फ्लॅटमधल्या किराण्याच्या कपाटात मागच्या रांगेत 2 वर्षांपूर्वीची मुगाची डाळ निघाली, त्या दिवशी मला कणगीचं मोठेपण कळलं. असो.

आता इतिहास. माझ्या मनात चित्र असं होतं की पूर्वी सगळ्यांची घरं अशीच भरलेली असायची आणि आपण शहरी लोकच नालायक झालो. हे चित्र साफ चुकीचं आहे.

साठवणुकीचं शास्त्र होतं, यात शंका नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' 1715 च्या सुमाराचं. पंतांच्या हयातीचा मोठा काळ पन्हाळा-विशाळगडाच्या मुलखात गेला, म्हणजे शिराळ्याच्या शेजारीच. त्यात किल्ला कसा बांधावा हे सांगताना ते पाण्यावर येतात. आधी पाणी बघा, मगच गड बांधा, हे ओघाने आलंच. पण पुढचा मुद्दा वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. गडावर झरा आहे, पाणी पुरतंय, एवढ्यावर निर्धास्त राहू नका, असं ते बजावतात. कारण लढाईच्या वेळी तोफांच्या दणक्याने झरे आटू शकतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च जास्त. म्हणून जखिऱ्याचं पाणी म्हणून वेगळी टाकी बांधून ठेवा आणि ते पाणी एरवी खर्ची घालू नका. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर यापेक्षा सोप्या भाषेत मला कुणी समजावलेला नाही. पन्हाळ्यावर अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही तीन धान्यकोठारं आजही उभी आहेत. 1660 साली सिद्दी जौहरने चार महिन्यांवर वेढा घातला तेव्हा महाराज आत होते; असल्या वेढ्यात गड तगतो तो कोठारं आणि टाक्यांच्या जोरावर.

पण हे झालं राज्याचं. घरांचं काय?

गावात पेव असायचं, बळद असायचं, पण कुणाकडे? ज्याच्याकडे पेवात घालण्याइतकं उरायचं त्याच्याकडे. बाकीच्यांचं धान्य पौष-माघात घरी येई आणि आषाढापर्यंत संपे. मग पाटलाकडे किंवा सावकाराकडे जायचं आणि दिढीने धान्य आणायचं. दिढी म्हणजे दोन पायल्या घेतल्या तर सुगीला तीन परत. मी सवयीने हिशोब केला: आषाढ ते मार्गशीर्ष 5 महिने, व्याज 50 टक्के, वर्षाला सरळव्याजाने 120 टक्के. तुमच्या क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिलही याच्यापुढे साधुसंत वाटेल. आणि हे कर्ज घेणारा चैन करत नव्हता, तो फक्त चार महिने खात होता.

ही गोष्ट मला मामाने सांगितली. मी त्याला मोठ्या कौतुकाने विचारलं होतं की आपल्या घरात बळद कधीपासून आहे? तो हसला. "आपल्या घरात? आरं, बळद पाटलाच्या वाड्यात. आपुन तिथनं दिढीनं आनायचो." आजीच्या घरातली ती कणगी, ती उतरंड, तो कधीही रिकामा न दिसणारा रांजण, हे सगळं 1972 नंतरचं. त्याआधी भरायला काही नव्हतंच.

म्हणजे बेगमी ही पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा नव्हती, निदान आमच्या घरात तरी. ती एका बाईने एका धक्क्यानंतर लावून घेतलेली शिस्त होती.

आपल्याकडच्या दुष्काळांच्या आठवणी नीट बघितल्या तर सगळीकडे हाच प्रश्न दिसतो, की धान्य आहे का, यापेक्षा ते कुणाच्या कुलपात आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घरोघरी माहीत असते: भुकेल्यांना सरकारी कोठार उघडून दिलं आणि मग विठ्ठलाने महाराचं रूप घेऊन बिदरच्या दरबारात रक्कम भरली. कथेत चमत्कार पैसे भरण्याचा आहे. धान्य कोठारात आधीपासूनच होतं. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, सातारा जिल्ह्याच्या दक्षिणेपर्यंत त्याची झळ पोचली. पाठोपाठ 1876-78 चा मोठा दुष्काळ आला. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असा दंडक रिचर्ड टेंपल साहेबाने 1877 साली घातला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यावर सरकारला अर्जांवर अर्ज केले. पुढे 1880 च्या दशकात फॅमिन कोड आले, म्हणजे दुष्काळ पडला तर कलेक्टरने काय करायचं याचं लेखी मॅन्युअल.

1972 ला मात्र वेगळं घडलं आणि त्यात सांगली जिल्ह्याचा मोठा हात आहे, जो आमच्या पिढीतल्या फार कमी लोकांना माहीत आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना. दुष्काळाच्या आधीच त्यांनी ती आपल्या भागात लहान प्रमाणात करून पाहिली होती. दुष्काळ आला आणि मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि देशभर 2005 साली झालेल्या कायद्याचं मूळ तिथेच आहे.

त्या 50 लाखांत आमची आजी होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. मोबदल्याचे पैसे, कामावर सुकडी आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. मिलोच्या भाकरीबद्दल आजी एवढंच म्हणायची, "तोंडात फिरायची." त्या कामाच्या पैशांतून तिने पहिली गोष्ट कोणती घेतली असेल? तांब्याचा हंडा. दागिना नाही, लुगडं नाही. अडचणीत मोडता येतो आणि नसेल मोडायचा तेव्हा पाणी धरतो, हा तिचा हिशोब. हाच तो मनीप्लांटवाला हंडा. हे मला आजी गेल्यावर (2018) कळलं, आणि खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

इथे एक फरक नोंदवायला हवा. 72 ला धान्य नव्हतं, पण विहिरीत खाली का होईना, पाणी होतं, असं तेव्हाचे लोक सांगतात. त्यानंतर गावोगावी बोअर खणल्या गेल्या, हातपंप आले, ऊस आला. 2012-13 च्या दुष्काळात रेशनवर धान्य होतं आणि पाणी नव्हतं. एप्रिल 2016 मध्ये तर आमच्या मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेलं. पहिल्या खेपेला 10 टाक्या, 5 लाख लिटर, सुमारे 340 किलोमीटर. चाळीस-पन्नास वर्षांत टंचाई धान्याकडून पाण्याकडे सरकली, पण आपल्या डोक्यातली "अडचणीची तयारी" अजून डाळ-तांदळातच अडकली आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर झाली त्या रात्री आपण सगळे किराण्याच्या रांगेत होतो, आठवतं ना? मीही होतो. 4 किलो मैदा घेऊन आलो. का, ते आजतागायत कळलेलं नाही :)

आता पेवाची गोष्ट, कारण ती माझ्या सगळ्या समजुतींना छेद देऊन गेली.

शिराळा तालुक्यातून वाहणारी वारणा पुढे सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. या हरिपूरची जमीन अशी आहे की तिथे खोल पेवं खणता येतात. सांगलीच्या हळदीची (जिला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं) ही जमिनीखालची गोदामं. अरुंद तोंड, आत पोट मोठं, वर माती लिंपून बंद. आत हवा खेळत नाही; माल आणि त्यातले किडे आतला प्राणवायू वापरून टाकतात आणि मग किडे मरतात. औषध नाही, वीज नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. म्हणूनच पेव उघडल्यावर माणसाने लगेच उतरायचं नसतं. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, कंदील सोडून बघायचा, तो तेवत राहिला तर उतरायचं. आज धान्यासाठी हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचं तत्त्व हेच.

तर अशी ही व्यवस्था, दुष्काळ, चोर आणि कीड तिघांनाही पुरून उरलेली, जुलै 2005 च्या महापुरात गेली. पाणी पेवांत शिरलं आणि कितीतरी पेवं हळदीसकट निकामी झाली. पेव ज्या संकटासाठी होतं त्यापेक्षा वेगळं संकट आलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्याहून मोठा पूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. शिराळ्याकडे वारणाकाठी मांगले-सागावच्या पट्ट्यात शेतं पाण्याखाली. सांगली-कोल्हापुरात चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण पाणीउपशाचे पंपच बुडालेले. पुणे-बंगळूर महामार्ग कितीतरी दिवस बंद, त्यामुळे दूध, भाजी, पेट्रोल, सगळ्याचीच ओरड. जुलै 2021 ला पुन्हा तेच.

आणि 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप? पहाटे सव्वाचारनंतर जमीन हलली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि मामाच्या आठवणीत शिराळ्याची माणसं पुढे कित्येक रात्री थंडीत अंगणात झोपली. घर भरलेलं असून आत जायची भीती. तिथे बळदाचा काय उपयोग?

2019 ला मामाकडे बरेच दिवस वीज नव्हती. मी पुण्यातून घाबरून फोन करत होतो, तो लागत नव्हता. लागला तेव्हा मामी म्हणाली, भाकरी-पिठलं चाललंय, शेजारची दोन घरं पण इथंच जेवत्यात. मी विचारलं, धान्य कुठे ठेवलंय? माळ्यावर. 2005 पासून त्यांनी कणगी मोडून पत्र्याच्या कोठ्या माळ्यावर चढवल्या होत्या. जमिनीखालून जमिनीवर आणि जमिनीवरून माळ्यावर, असा हा साठवणुकीचा प्रवास.

"शेजारची दोन घरं" हे मात्र मी नंतर जास्त वेळ चघळत बसलो. साठेबाजी आणि बेगमी यांत फरक काय, हा प्रश्न मला टाळेबंदीपासून छळत होता. एका रात्रीत दुकान रिकामं करणारा मी आणि चैत्रापासून थोडं थोडं भरणारी आजी, दोघांच्या घरात शेवटी 20 किलो धान्य असतं. पण मी ते टंचाईच्या वेळी, दुसऱ्याच्या पुढ्यातून उचललं. आजीने मुबलक होतं तेव्हा घेतलं आणि टंचाईत ती रांगेतच उभी राहिली नाही. शिवाय तिच्याकडून शेजारणी उसनं न्यायच्या, आणि वाटीला वाटीच परत यायची. दिढी तिने कुणाला कधी लावली नाही.

तर, पंप जळाल्यानंतर मी काय केलं ते थोडक्यात. कमी खर्चात करायचं हे ठरलेलं होतं, कारण घराचा हप्ता मानगुटीवर आहेच. आपत्तीत मदत पोचवणाऱ्या संस्था स्फिअर नावाचं एक मानक वापरतात. त्यात माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी धरलं आहे, पिणं-स्वयंपाक-धुणं सगळं मिळून. चार माणसं, तीन दिवस: 180 लिटर. एवढं वजन गॅलरीत एका जागी ठेवायला धीर होईना, म्हणून 50 लिटरचे तीन झाकणवाले ड्रम तीन महिन्यांत एकेक करून घेतले आणि तीन वेगवेगळ्या भिंतींना लावले. उरलेलं बादल्या, पातेल्यांत. ड्रम नवे आणि खाण्याच्या प्लास्टिकचेच घ्या. केमिकलचे जुने स्वस्तात मिळतात, पण त्यांच्या आत काय मुरलंय ते धुऊन जात नाही. प्यायचं पाणी वेगळं, स्टीलच्या पिंपात. शंका आली तर खळखळून उकळायचं. ड्रमवर भरल्याची तारीख खडूने लिहितो आणि दर पंधरा दिवसांनी ते पाणी झाडांना घालून नवं भरतो.

धान्याचं आणखी सोपं. दर महिन्याच्या किराण्यात एकच जिन्नस जादा: कधी दोन किलो तांदूळ, कधी मूगडाळ, कधी पोहे, शेंगदाणे, गूळ, काडेपेट्या. महिन्याला दोन-अडीचशे रुपये, म्हणजे एका पिझ्झ्याहून कमी. सात-आठ महिन्यांत पंधरा दिवसांचं शिधापाणी झालं. जे रोज खातो तेच भरलं. डबाबंद परदेशी पदार्थ नाहीत. नवा पुडा मागे आणि जुना पुढे, कारण कपाटाला कणगीसारखं खाली भोक पाडायला बायकोने परवानगी दिली नाही.

हंड्यातला मनीप्लांट काढला. आत हिरवा थर धरला होता; चिंच आणि मीठ घेऊन रविवारची अख्खी सकाळ घासला. बुडाला एक जुना डाग दिलेला दिसतो, कल्हईवाल्याने की आणखी कुणी, माहीत नाही. पाणी भरून रात्रभर ठेवून पाहिला, गळत नाही. तिसऱ्या ड्रमचा नळ मात्र गळतोय, त्याला टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची आहे. ते आता पुढच्या विकांताला.